भिंतीला साखर

मिरजेत आमच्या डॉक्टरांनी कधी भिंतीत खिळा ठोकला नव्हता. खिळा ठोकायला कंपाउंडर होता, आणि कंपाउंडर रजेवर असला तर खिळा थांबायचा. दिवाळीच्या आधी रंगारी यायचे, जुन्या रंगावरच नवा डिस्टेंपर फासायचे, आणि घरात रंगाचा वास असेपर्यंत डॉक्टर दवाखान्यात मुक्काम ठोकायचे. परत आले की भिंतीकडे बघून "जरा फिका वाटतोय" म्हणायचे. रंगकामातला त्यांचा वाटा एवढाच.

हे डॉक्टर म्हणजे माझे यजमान. तोंडावर मी त्यांना अहो म्हणते, इतरांशी बोलताना डॉक्टर. नव्वदच्या दशकात आम्ही क्राइस्टचर्चला राहायला आलो तेव्हा त्यांना डॉक्टर म्हणणारी मी एकटीच उरले होते. या देशाने आम्हाला आत घेतलं ते त्यांच्या डिग्रीचे गुण मोजून, आणि विमानातून उतरल्यावर कळलं की त्या डिग्रीवर इथे कोणाची नाडीसुद्धा धरता येणार नाही, आधी परीक्षा द्या. सोयरीक जुळवताना एक सांगायचं आणि वरात दारात आल्यावर दुसरं, ही पद्धत फक्त आपल्याकडे आहे असा तोवर माझा समज होता.

परीक्षा मलाही होती. मी फार्मसिस्ट. मिरजेत डॉक्टरांच्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत बसून मी पुड्या बांधायचे आणि खिडकीतून लोक मला एकच प्रश्न विचारायचे, "वहिनी, डॉक्टर आहेत का?" इथे परीक्षा पास झाले आणि रिकार्टनच्या एका औषधांच्या दुकानात मला काउंटर मिळालं. माझं स्वतःचं. लोक मला विचारायचे, ही गोळी जेवणाआधी का नंतर, आणि मी सांगेन ते मुकाट्याने ऐकायचे. माझी एक जुनी जपानी गाडी होती, ती मी चालवायचे. पगार माझ्या खात्यात यायचा. सांगायला लाज कशाची, मला हे सगळं फार आवडत होतं.

डॉक्टर मात्र पहिल्या खेपेला नापास झाले, तेही एका शब्दापायी. परीक्षेत त्यांच्यासमोर पेशंटचं सोंग घेतलेला एक धडधाकट गोरा बसवला होता. तो पोट धरून म्हणाला, "आय फील क्रुक, डॉक." क्रुक म्हणजे लबाड, भामटा, हे डॉक्टर शाळेतच शिकले होते. या माणसाला कसली तरी टोचणी लागली आहे, असं निदान त्यांनी केलं. मोठ्या मायेने त्यांनी त्याला विचारलं की असं कधीपासून वाटतं, हातून काही वावगं घडलं आहे का, रात्री झोप लागते का. तो बिचारा पोट धरून बसला आणि वेळ संपली. इथे क्रुक म्हणजे बरं नाही, एवढंच. तो मुतखड्याचा पेशंट होता.

हा शब्द मला काउंटरवर दुसऱ्याच आठवड्यात भेटला होता. मी गिऱ्हाइकाला सरळ विचारलं, क्रुक म्हणजे काय हो? त्याने हौसेने सांगितलं, वर आणखी दोन शब्द फुकट दिले. म्हणून मी घरी म्हटलं, "अहो, मग त्यालाच विचारायचं ना, क्रुक म्हणजे काय ते."

"डॉक्टर कधी पेशंटला शब्दाचा अर्थ विचारतो का?" ते म्हणाले.

मग त्यांनी जाहीर केलं की फेब्रुवारीत आणखी एकदाच बसायचं. जमलं तर ठीक, नाहीतर बोऱ्याबिस्तरा गुंडाळून मिरज. धाकट्या दिरांनी दवाखान्यावरची पाटी अजून उतरवली नव्हती. मागची खोलीही तशीच असणार. हे मला विचारलं नव्हतं, कळवलं होतं. तेव्हापासून माझं काउंटर त्यांच्या इंग्रजीवर टांगलेलं होतं.

फेब्रुवारीच्या परीक्षेची तयारी नोव्हेंबरात सुरू व्हायला हवी होती. झालीही. भिंतीची.

त्याला कारण आमच्या मराठी मंडळातले एक हृदयरोगतज्ज्ञ. ते विलायतेला शिकून आलेले, त्यामुळे त्यांची डिग्री इथल्या लोकांना वाचता येत होती. त्यांच्या दिवाणखान्यात एका भिंतीवर टेक्स्चर केलेलं होतं, थापीने काढलेले अर्धगोल, एकावर एक, माशाच्या खवल्यांसारखे. दिवाळीच्या फराळाला आम्ही गेलो तेव्हा त्यांच्या सौभाग्यवतींनी, ज्यांना मी मनातल्या मनात हृदयवहिनी म्हणते, प्रत्येकाला ती भिंत हात लावून बघायला लावली. आमच्या हॉलची भिंत पिस्त्याच्या रंगाची होती. आधीच्या मालकाने तिला ऑइल पेंट दिलेला, त्यामुळे ती अशी चकाकायची की तिच्यात बघून कुंकू लावता आलं असतं. घरी येऊन डॉक्टर पिस्ता भिंतीसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "संक्रांतीला तुझं हळदीकुंकू आहे ना? तोवर ही करून टाकतो."

मी म्हटलं, अभ्यास? ते म्हणाले, भिंत काय, दोन दिवसांचं काम आहे. या देशाची हवाच अशी. शनिवार उजाडला की अख्खा पुरुषवर्ग अर्ध्या चड्डीत शिडीवर चढलेला असतो. न्यायाधीश असो, प्राध्यापक असो, हातात ब्रश नसला तर शेजारी काळजीने चौकशी करतात. पेशंट नसलेल्या डॉक्टरांनीही शेवटी अर्धी चड्डी विकत घेतली.

हार्डवेअरच्या दुकानात ते मला न घेता गेले. तिथल्या माणसाने त्यांना सगळं नीट सांगितलं असणार, कारण इथे हार्डवेअरवाले गुरुजींसारखे असतात, विधी चुकू देत नाहीत. आधी भिंतीला शुगर सोप कर, मग पाण्याने पूस, चकाकी जाईपर्यंत सॅण्डपेपर मार, अस्तराचा हात दे, मग टेक्स्चर लाव. "देन यू'र स्वीट अ‍ॅज." डॉक्टरांनी प्रत्येक पायरीला "येस, येस" म्हटलं. शेवटच्या वाक्याला मात्र ते थोडे थांबले, कारण स्वीट अ‍ॅज म्हटल्यावर कशासारखं गोड ते पुढे येईल अशी त्यांची अपेक्षा होती. तो माणूस पुढचं काही बोलला नाही, आणि डॉक्टरांनी विचारलं नाही. त्यांनी टेक्स्चरचा डबा घेतला, थापी घेतली, सॅण्डपेपर घेतला. शुगर सोप घेतला नाही. साखर आणि साबण दोन्ही घरात असताना विकत कशाला घ्यायचं?

शनिवारी मी दुकानातून दुपारी घरी आले तेव्हा डॉक्टर हॉलमध्ये बादलीपुढे उकिडवे बसलेले होते. मिरजेहून जपून आणलेला माझा चंदनाचा साबण त्यांनी खोबऱ्याच्या किसणीवर किसला होता, आणि कोमट पाण्यात साखर ढवळणं चालू होतं. मी विचारलं, साखर कशाला? ते म्हणाले, चिकटपणासाठी. नवा थर जुन्याला धरून बसायला हवा. आपल्याकडे किल्ल्यांच्या चुन्यात गूळ घालत नव्हते का? तीनशे वर्षं उभे आहेत. हे लोक श्रीमंत, गुळाच्या जागी साखर वापरतात. प्रमाण म्हणाल तर त्यांनी ते जलसंजीवनीवरून बसवलं होतं, फक्त मिठाच्या जागी साबण.

इथे मी त्यांना थांबवायला हवं होतं असं वाचणाऱ्याला वाटेल. पण मलाही ते पटलं. गोळ्या बांधताना साखरेचा पाक घालतात, कडू गोळीला साखरेचं आवरण देतात, हे मी कॉलेजात शिकले होते. साखर धरून ठेवते, यात शंकाच नव्हती. त्यांचं वैद्यक आणि माझं औषधशास्त्र, दोन्ही त्या बादलीत छान विरघळलं, आणि मी त्यांना साखरेचा दुसरा डबा काढून दिला.

पाण्याने पुसायचं त्यांनी गाळलं. मुद्दाम लावलेली साखर पुसून कशाला टाकायची? सॅण्डपेपर एका कोपऱ्यात मारून पाहिला, तो चिकटून गोळा झाला, म्हणून तोही राहिला. अस्तर म्हणजे दुकानदारांचा डबे खपवायचा धंदा, असं ठरलं. मग टेक्स्चर लावलं. दोन दिवसांचं काम पार संक्रांतीपर्यंत पुरलं, अभ्यासाची पुस्तकं सोफ्यामागे धूळ खात पडली, पण भिंत खरंच देखणी दिसायला लागली. अर्धगोल जरा वेडेवाकडे होते, हृदयवहिनींच्या भिंतीवरचे मासे असतील तर आमचे खेकडे, पण लांबून कळत नव्हतं. डॉक्टर संध्याकाळी तिच्यासमोर खुर्ची टाकून बसायचे. मी रागावून परीक्षेचं नाव काढलं की म्हणायचे, भिंत वाळू दे.

संक्रांतीच्या सकाळी छताच्या कडेने मला मुंग्यांची एक रांग दिसली. डॉक्टर म्हणाले, तिळगुळाच्या वासाने आल्या असतील.

इथली संक्रांत भर उन्हाळ्यात. त्या दिवशी वायव्येचा तो गरम वारा सुटला होता, जो सुटला की या गावात माणसं विनाकारण भांडतात. काळ्या रेशमी साड्या नेसून घामाघूम झालेल्या बायका आल्या, दारात जॅन्डल्सचा ढीग पडला. रेशमी साडीखाली रबरी स्लिपर हा आमच्या मंडळाचा राष्ट्रीय पोशाख. मी शेजारच्या गोऱ्या आजीबाईंनाही बोलावलं होतं. त्या शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या, सगळ्या गल्लीच्या खबरा ठेवणाऱ्या, आणि कपाळावर कुंकू लावल्यावर ते पुसलं जाऊ नये म्हणून मान न हलवता बसलेल्या. डॉक्टरांकडे स्वयंपाकघरात चहा करायचं काम होतं.

हृदयवहिनी बरोबर भिंतीपुढच्या सोफ्यावर बसल्या. आल्याआल्या त्यांनी खेकडे न्याहाळले होते आणि "घरीच केलं वाटतं?" असं म्हटलं होतं. मी त्यांना हळद लावत होते, तेवढ्यात त्यांच्या डोक्यामागे काहीतरी हललं. टेक्स्चरचा वरचा काठ भिंतीपासून सुटत होता. थालीपीठ तव्यावरून सुटावं तसा तो अख्खा थर सावकाश, एकसंध पुढे झुकला आणि सोफ्यामागे, परीक्षेच्या पुस्तकांवर जाऊन बसला. खाली आमची पिस्ता भिंत होती तशी चकाकत होती, आणि तिच्यावर मुंग्यांचा बाजार भरला होता.

आमची लेक, नऊ वर्षांची, मराठीत विचारलं तरी इंग्रजीतच उत्तर देणारी, तिने खुलासा केला. "बाबा पुट शुगर ऑन इट. हीप्स."

मग सगळं बाहेर आलं. आजीबाईंनी मान न हलवता समजावलं की शुगर सोपमध्ये साखर नसते, ती एक पावडर असते, पाकिटात मिळते, भिंतीवरचा तेलकट मळ काढायला. या देशात हे लहान पोरालाही ठाऊक असतं, हे त्यांनी अगदी प्रेमाने सांगितलं. बायका आधी पदराआड हसल्या, मग पदर सोडून. डॉक्टर चहाचा ट्रे घेऊन दारात उभे होते. क्रुकची गोष्ट मंडळात केव्हाच पोचली होती. हृदयवहिनी त्यांना म्हणाल्या, "अहो डॉक्टर, दुकानात विचारायचं तरी. का तिथेही क्रुकच झालं?"

आत्ताच त्यांनी माझ्या हातून तिळगूळ घेतला होता आणि गोड बोलायचं कबूल केलं होतं. मला त्या बाईचा मनस्वी राग आला. हसूही येत होतं, ते खोटं कशाला सांगू. पण त्याहून जास्त भीती वाटली, कारण डॉक्टरांचा चेहरा परीक्षेहून आले त्या दिवशीसारखा झाला होता. आता हा माणूस ट्रे ठेवेल, खोलीत जाईल आणि बॅगा काढेल, असं मला वाटलं. मला मिरजेची ती खिडकी दिसली. "वहिनी, डॉक्टर आहेत का?"

त्यांनी ट्रे ठेवला. पण खोलीत गेले नाहीत. हळदीकुंकवाच्या बायकांमध्ये एक खुर्ची ओढून ते आजीबाईंसमोर बसले आणि म्हणाले, "स्वीट अ‍ॅज. अ‍ॅज व्हॉट?"

"अ‍ॅज नथिंग, डिअर," आजीबाई म्हणाल्या. "इट मीन्स ऑल गुड. जस्ट स्वीट अ‍ॅज."

डॉक्टरांनी यावर बराच विचार केला. मग दुसरा शब्द विचारला, मग तिसरा. इतके महिने गिळून ठेवलेले सगळे शब्द ओळीने बाहेर आले. मी वाण लुटत होते, बायका काढता पाय घेत होत्या, आणि काळ्या साड्यांच्या त्या गर्दीत आमचे डॉक्टर पेशंटसारखे बसून एकेक तक्रार सांगत होते. जाताना हृदयवहिनी म्हणाल्या, फार ताण आलाय का हो यांना? मी म्हटलं, नाही, आजच जरा उतरलाय.

दुसऱ्या दिवसापासून आजीबाई रोज सकाळी यायला लागल्या. खऱ्या शुगर सोपचं पाकीट त्यांनीच आणलं. डॉक्टर भिंत धूत आणि त्या खुर्चीत बसून, माझा चहा पीत, त्यांना पेशंटांची भाषा शिकवीत. ट्रॉट्स म्हणजे घोड्याची चाल नव्हे, जुलाब. चंडर म्हणजे ओकारी. आणि कोणी म्हणालं, बॉक्स ऑफ बर्ड्स, तर त्याला भास होत नाहीत, तो ठणठणीत आहे, घरी पाठव. डॉक्टर हात थांबवून विचारायचे, कुठले बर्ड्स? आजीबाई म्हणायच्या, तू भिंत धू. मग साखर पाण्याने उतरवली, भेगांत पुट्टी भरली, सॅण्डपेपर सुरू झाला. चकाकी काढल्याशिवाय नवं काही धरत नाही, असं एकदा आजीबाई म्हणाल्या आणि माझ्याकडे बघून डोळा मारला. डॉक्टरांना वाटलं, भिंतीबद्दल आहे.

फेब्रुवारीत ते परीक्षेला गेले. पेशंटचं सोंग घेतलेली बाई काहीतरी म्हणाली जे आजीबाईंच्याही कोशात नव्हतं. डॉक्टर म्हणाले, मला कळलं नाही, याचा अर्थ सांगाल का? तिने सांगितला. ते पास झाले.

मी त्या दिवशी काउंटरवर उगाचच सगळ्यांशी हसत होते. मिरज टळली. मागची खोली टळली. दुधाच्या पावडरचे पेढे केले, आजीबाईंना दिले, हृदयवहिनींच्या घरी जास्त दिले. डॉक्टरांना तर विचारायचा नादच लागला होता. डेअरीवाल्याला विचार, बस चालवणाऱ्याला विचार, लेकीच्या मैत्रिणींना विचार. जो भेटेल त्याला थांबवून त्याच्या शब्दाचा अर्थ विचारायचे, आणि लोकही खूश होऊन सांगायचे. माझा नवरा किती नम्र आहे, असं मला दोन-तीन गोऱ्या बायकांनी ऐकवलं.

एका रविवारी ते भिंतीला टेक्स्चर लावायला उभे राहिले. अस्तर वाळलं होतं, भिंत पांढरी, खरखरीत, शहाण्या मुलीसारखी वाट बघत होती. थापीवर मसाला घेता घेता, माझ्याकडे पाठ करून, त्यांनी सांगितलं की इन्व्हरकार्गिलच्या इस्पितळात नोकरी मिळाली आहे. इन्व्हरकार्गिल म्हणजे या देशाचं खालचं टोक, त्याच्या पलीकडे बर्फ. त्यांनी होकार कळवून टाकला होता. घर भाड्याने द्यायचं, म्हणून भिंत आज संपवायची. लेकीला तिथल्या शाळेत घालायचं. आणि माझं तिकडे काहीतरी बघू.

मी सोफ्यावर बसले होते. डेअरीवाल्याला विचारलं, बसवाल्याला विचारलं, परीक्षेतल्या त्या बाईला विचारलं. माझा नंबर लागलाच नव्हता. मिरज काय, इन्व्हरकार्गिल काय, मागची खोली कुठेही नेता येते, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

"मी येणार नाही," मी म्हटलं.

थापी भिंतीवर थांबली. ते वळले. चेहऱ्यावर राग नव्हता, नुसता गोंधळ होता, दुकानात त्या माणसाचं वाक्य अर्धवट राहिलं तेव्हा असाच झाला असणार.

"नाही म्हणजे?" त्यांनी विचारलं.

एवढ्या वर्षांच्या संसारात माझ्या एखाद्या शब्दाचा अर्थ त्यांनी पहिल्यांदाच विचारला होता. मी उठले, त्यांच्या हातातली थापी काढून घेतली, आजीबाईंची खुर्ची पुढे ओढून त्यांना तिच्यात बसवलं आणि तो अर्थ सावकाश, पहिल्यापासून सांगितला.